बॅलिनाहिंचचे धनी

आयर्लंडमधल्या गॉलवे शहराच्या पश्चिम वेशीवर एकेकाळी एक प्रार्थना कोरलेली होती, असं सांगतात. ‘दांडग्या ओफ्लाहर्टींपासून, हे परमेश्वरा, आम्हाला सोडव.’ वेशीच्या आत चौदा व्यापारी घराण्यांची चलती. स्पेन-फ्रान्सहून वाइन आणायची, इथून कातडी आणि लोकर पाठवायची, इंग्लंडच्या राजाशी जुळवून घ्यायचं आणि रात्री वेशीचे दरवाजे नीट लावून घ्यायचे. वेशीबाहेर पश्चिमेला थेट समुद्रापर्यंत दलदल, खडक, तळी आणि डोंगर. तो मुलूख ओफ्लाहर्टींचा. त्या चौदा घराण्यांपैकी एक मार्टिन. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओफ्लाहर्टींच्या बहुतेक जमिनी या मार्टिनांच्या नावावर चढलेल्या होत्या. देवाने प्रार्थना जरा जास्तच मनावर घेतली म्हणायची.

त्या मुलखाचं नाव कॉनेमारा, आणि त्यातल्या मालकीहक्काचं सगळं नाटक ज्या ठिकाणी घडलं ते बॅलिनाहिंच. गॉलवेहून क्लिफ्डनला जाणाऱ्या एन-५९ रस्त्याने निघालात की रिसेस गाव मागे पडल्यावर डाव्या हाताला एक तळं लागतं. तळ्यात एवढंसं बेट, बेटावर झाडं, आणि झाडांतून डोकावणारा पडका दगडी बुरूज. खरा किल्ला तो. आज ज्याला बॅलिनाहिंच कॅसल म्हणतात तो तिथून थोडा पुढे, नदीकाठच्या झाडीत आहे, आणि तो किल्ला नाहीच. मार्टिनांनी अठराव्या शतकात वाटसरूंसाठी सराय म्हणून बांधलेली इमारत पुढे घराण्याचा वाडा झाली, एकोणिसाव्या शतकात नव्या मालकांनी ती वाढवली. छताच्या कडेला चर्या आहेत, पण त्यांच्याआडून कुणी कधी गोळी झाडलेली नाही. सध्या तिथे हॉटेल आहे. एका रात्रीच्या भाड्याबद्दल न बोललेलं बरं; आम्ही चहा आणि स्कोनवर भागवतो.

मी डब्लिनला राहतो. भारतातून पाहुणे आले की कॉनेमाराची फेरी ठरलेली असते, आणि पाहुण्यांत कुणी क्रिकेटवेडा असला तर बॅलिनाहिंचला थांबणंही. असं का, ते ओघात येईल. पण येऊन जाऊन मला या जागेबद्दल वेगळाच प्रश्न पडायला लागला. इथे मालकांमागून मालक आले. त्यांतले दोन तर दयाळूपणासाठी नावाजलेले. त्या दयेचं बिल कुणी भरलं?

आधी बेटावरचा किल्ला. सोळाव्या शतकाच्या मध्याला इथला धनी डोनल ओफ्लाहर्टी. ‘लढाईचा डोनल’ हे त्याचं टोपणनाव, आणि ते त्याने मरेपर्यंत निभावलं. त्याची बायको त्याच्यापेक्षा कितीतरी पटीने मोठी निघाली. मेयोच्या किनाऱ्यावरच्या ओमॅली या दर्यावर्दी घराण्यातली ग्रॉन्या, इंग्रजी कागदपत्रांतली ग्रेस ओमॅली. लग्न होऊन ती या घराण्यात आली तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांची असेल. आंग्र्यांच्या आरमाराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते: स्वतःची गलबतं, किनाऱ्याने जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकात, नाही दिली तर लूट. इंग्रज तिला चाची म्हणत; ती स्वतः म्हणे की जमिनीवर आणि समुद्रावर पोट भरते आहे.

१५९३ मध्ये, साठी ओलांडलेली असताना, ती लंडनला जाऊन थेट एलिझाबेथ राणीला भेटली. भेटीआधी दरबाराने तिला अठरा प्रश्न लेखी पाठवले होते. तिची उत्तरं टिकून आहेत आणि ती वाचताना अंगावर काटा येतो. कॉनॉट या पश्चिम आयर्लंडच्या प्रांताचा इंग्रज सुभेदार रिचर्ड बिंगम याच्याविरुद्धची ती फिर्यादच आहे. बिंगमच्या भावाची फौज १५८६ मध्ये तिच्या थोरल्या मुलाकडे, ओवेनकडे, पाहुणी म्हणून उतरली. त्याने त्यांना बेटावर नेऊन जेवू घातलं. रात्री त्यांनी त्यालाच बांधलं. चार हजार गाई, पाचशे घोड्या, हजार मेंढ्या हाकलून बॅलिनाहिंचला नेल्या. पकडलेल्या अठरा माणसांना तिथे चौकशीशिवाय फासावर दिलं. त्यांत थिओबाल्ड ओटूल नावाचा एक गृहस्थ होता, वय नव्वद. दुसऱ्या रात्री तंबूत हाकाटी झाली, आणि बांधलेल्या ओवेनच्या अंगावर बारा घाव घातले गेले.

त्याच उत्तरांत एक प्रश्न असा की आयरिश सरदारांच्या विधवांना नवऱ्याच्या मिळकतीत काय हक्क मिळतो. तिने लिहिलं, काही नाही. आणलेला हुंडा परत मिळाला तर मिळाला, तोही बऱ्याचदा नवऱ्याने आधीच उडवलेला असतो. म्हणजे बॅलिनाहिंचच्या मालकांची यादी करताना ज्या नावाने सुरुवात करायचा मोह होतो, त्या बाईच्या नावावर इथली वीतभर जमीन नव्हती.

ओफ्लाहर्टींची जमीन मार्टिनांकडे कशी गेली ही गोष्ट वकिलांची आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. क्रॉमवेलच्या स्वारीनंतर कॅथलिक सरदारांच्या जमिनी जप्त झाल्या. रिचर्ड मार्टिन नावाचा गॉलवेचा कॅथलिक वकील त्यातून असा सफाईने तरला की त्याचं नावच ‘चपळ डिक’ पडलं. पुढे इंग्लंडच्या गादीसाठी जेम्स आणि विल्यम झगडले तेव्हा तो जेम्स राजाच्या बाजूने होता, जेम्स हरला, तरी १६९८ मध्ये जिंकलेल्या विल्यमकडून याच्या जमिनींवर शिक्कामोर्तब झालं. त्याच काळात रॉडरिक ओफ्लाहर्टी हा त्या घराण्यातला विद्वान, आयर्लंडच्या प्राचीन इतिहासावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिणारा, किनाऱ्यावर स्पिडलजवळ हलाखीत दिवस काढत होता. १७०९ मध्ये त्याला भेटायला गेलेल्या एका प्रवाशाला त्याच्याकडे त्याचं स्वतःचं थोडं लिखाण आणि काही जुनी छापील पुस्तकं सोडून दुसरं काही दिसलं नाही. १७१८ मध्ये तो गेला. घराण्याचा इतिहास त्याच्याकडे उरला, जमीन मार्टिनांकडे.

आणि ही जमीन म्हणजे किती? सुमारे दोन लाख एकर. नकाशावर पाहिलं तर आयर्लंडमध्ये एका माणसाकडे एवढी सलग जमीन क्वचितच होती. जागेवर उभं राहून पाहिलं तर त्यातली बरीचशी गुडघाभर खचणारी दलदल. उन्हाळ्यात वारा पडला की मिज नावाची चिलटाहून बारीक माशी ढगाने उठते, कानात, पापण्यांत, बाहीच्या आत शिरते. पाऊस बाराही महिने. टर्फ, म्हणजे दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली माती, हेच जळण. तिचा धुरकट गोडसर वास अजूनही काही घरांतून येतो. अशा जमिनीवर बटाट्यावर जगणारी हजारो कुळं, त्यांच्याकडून मिळेल तेवढा खंड, आणि त्या खंडाच्या भरवशावर काढलेलं कर्ज. दोन लाख एकर ऐकून दिपून जायचं कारण नाही. कागदावर संस्थान आणि तिजोरीत खडखडाट ही स्थिती आपल्या वतनदारांच्या इतिहासात काही कमी वेळा आलेली नाही.

या मार्टिनांतला सगळ्यात गाजलेला पुरुष म्हणजे चपळ डिकचा वंशज, तोही रिचर्डच, जन्म १७५४. कायद्याने कॅथलिकांना पार्लमेंट बंद, म्हणून बापाने त्याला प्रॉटेस्टंट म्हणून वाढवलं. हॅरो, मग केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज. पदवी न घेता परत. तरुणपणी त्याची ख्याती द्वंद्वांची होती. लोक त्याला ‘हेअर-ट्रिगर डिक’ म्हणत, चाप नुसता हात लागताच सुटणारा. एका नातेवाइकाचा द्वंद्वात त्याच्या हातून जीव गेला, आणि त्याची खंत त्याला जन्मभर राहिली म्हणतात. दुसरं गाजलेलं द्वंद्व एका कुत्र्यापायी. ‘फायटिंग फिट्झजेरल्ड’ नावाच्या एका माथेफिरू जमीनदाराने शेजारच्या सरदाराचा वुल्फहाउंड गोळी घालून मारला होता. त्याचा जाब डिकने पिस्तुलाने विचारला. दोघेही जखमी झाले, दोघेही वाचले.

घरात सावत्र भावांना शिकवायला त्याने एक तरुण शिकवणीमास्तर ठेवला होता. मास्तर मालकाच्या बायकोच्या प्रेमात पडला. हा मास्तर वुल्फ टोन. पुढे १७९८ च्या उठावाचा नेता, आयरिश प्रजासत्ताकवाद्यांचा आद्यपुरुष. प्रकरण पुढे गेलं नाही. नंतर बायको दुसऱ्याच एका इंग्रज गृहस्थाबरोबर निघून गेली, डिकने त्याच्यावर दावा लावून दहा हजार पौंडांची भरपाई मिळवली, आणि गॉलवेला परतताना ते पैसे गाडीच्या खिडकीतून रस्त्यावरच्या गरिबांना वाटत आला, अशी कथा आहे. खरी असो-नसो, त्या माणसाला शोभते. हातात पैसा टिकत नव्हता एवढं तर निश्चित खरं.

याच माणसाने १८२२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटकडून गुराढोरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा मंजूर करून घेतला. जगात कुठल्याही पार्लमेंटने प्राण्यांच्या बाजूने केलेला हा पहिला महत्त्वाचा कायदा. घोडा, खेचर, गाढव, गाय, बैल, मेंढी यांना विनाकारण मारहाण केली तर दहा शिलिंग ते पाच पौंड दंड, न भरल्यास तुरुंग. आधी सभागृहात खिल्ली उडाली होती. गाढवांना संरक्षण म्हटल्यावर हशा, उद्या कुत्री आणि परवा मांजरी येतील म्हणून आणखी हशा. कायदा झाल्यावर त्याची अंमलबजावणी करायला कुणी नव्हतं, तेव्हा हा सत्तरीकडे झुकलेला खासदार स्वतः लंडनच्या बाजारात फिरून लोकांना पकडून कोर्टात उभं करायचा. बिल बर्न्स नावाच्या एका फेरीवाल्याच्या खटल्यात मॅजिस्ट्रेटला रस वाटेना, म्हणून त्याने मार खाल्लेलं गाढवच कोर्टात आणून उभं केलं, वळ दाखवले. त्या प्रसंगाचं चित्र निघालं, लंडनभर विकलं गेलं. गरीब आरोपी असला तर दंड कधीकधी तो स्वतःच्याच खिशातून भरायचा असंही सांगतात. १६ जून १८२४ ला लंडनच्या एका कॉफीहाउसमध्ये प्राणिरक्षक संस्था स्थापन झाली, गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या विल्बरफोर्ससारखे लोक हजर होते, त्यांत हाही होता. तीच पुढची ‘रॉयल सोसायटी’. आपल्याकडच्या शहरांतल्या एसपीसीए तिच्याच नमुन्यावर निघाल्या. चौथ्या जॉर्जने त्याचं नाव ठेवलं ‘ह्युमॅनिटी डिक’.

कुणी त्याला विचारलं, माणसांशी इतकी द्वंद्वं लढणारा तू, जनावरांचा एवढा कळवळा कसा? त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे: बैलाच्या हातात कधी पिस्तूल पाहिलंय का?

बॅलिनाहिंचला मात्र त्याचा न्याय जुन्या पद्धतीचा होता. आपल्या मुलखात कुणी जनावराला छळलं की तो त्याला होडीत घालून तळ्यातल्या त्या बुरुजात कोंडायचा, अशी आठवण आजही तिथे सांगतात. सांगणारे हसून सांगतात. ना वकील, ना अपील. दलदलीतला एक गरीब माणूस, ज्याच्याकडे एकच थकलेलं घोडं आहे आणि टर्फ वेळेत घरी न्यायचं आहे, तो मालकाच्या लहरीवर बेटावर. मला या माणसाबद्दल खरंच आदर आहे. कॅथलिकांच्या हक्कांसाठी तो झगडला, खोट्या सहीच्या गुन्ह्याला फाशी नको म्हणून झगडला. पण त्याच्या दयेला आणि त्याच्या मालकीला वेगळं करता येत नाही.

कर्ज मात्र त्यालाही सुटलं नाही. खासदाराला कर्जापायी अटक होत नसे, तेवढीच ढाल होती. १८२६ च्या निवडणुकीतल्या गैरप्रकारांवरून त्याची खासदारकी रद्द झाली, सावकार दारात येणार हे दिसलं, आणि तो फ्रान्सला बूलोन्यला निघून गेला. तिथेच १८३४ च्या जानेवारीत वारला.

मुलगा थॉमस. त्याची एकुलती एक मुलगी मेरी लेटिशिया, जिला लोक ‘कॉनेमाराची राजकन्या’ म्हणत. १८३३ मध्ये एक नामवंत लेखिका दलदलीत रुतलेल्या गाडीतून कशीबशी बॅलिनाहिंचला पोहोचली, बरोबरची बाई आजारी पडल्याने तीन आठवडे अडकून पडली, आणि अठरा वर्षांच्या मेरीला पाहून चकित झाली. ग्रीक, लॅटिन, हिब्रू येणारी, रस्ते-पुलांच्या बांधणीत रस घेणारी, आणि बाहेर पडली की मागे आयरिश बोलणाऱ्या कुळांचा घोळका असलेली मुलगी.

१८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. १८४७ पर्यंत कॉनेमारात माणसं रस्त्याकडेला मरत होती. क्लिफ्डनच्या गरीबखान्यात आपल्या कुळांना बघायला गेलेल्या थॉमस मार्टिनला तापाने गाठलं आणि त्याच एप्रिलमध्ये तो गेला. मुलीच्या हाती दोन लाख एकर आले आणि त्यावरचा गहाणखताचा बोजा आला. धनको लंडनची लॉ लाइफ अ‍ॅश्युरन्स सोसायटी. कुळांकडून खंड येणं शक्यच नव्हतं. उलट जे होतं ते मेरीने लोकांना जगवण्यात घातलं. १८४९ च्या कायद्याने कर्जात बुडालेल्या जहागिरींचे लिलाव सोपे झाले, त्यात बॅलिनाहिंच गेलं. मेरी नवऱ्याबरोबर आधी युरोपात गेली, तिथे कादंबऱ्या लिहून पोट भरायचा प्रयत्न केला, मग अमेरिकेच्या जहाजात बसली. जहाजातच वेळेआधी बाळंत झाली. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर काही दिवसांत, १८५० मध्ये, तिथल्या एका हॉटेलात वारली. पस्तीस वर्षांची होती.

लिलावाला धड गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा विमा कंपनीच मालक झाली. कंपनीला माणसांची नावं माहीत असायचं कारण नव्हतं. नकाशे काढले गेले, थकबाकी मोजली गेली, कुळं काढली गेली. १८७२ मध्ये तिच्याकडून रिचर्ड बेरिज नावाच्या लंडनच्या बिअर उत्पादकाने जहागीर घेतली, सुमारे एक लाख सत्तर हजार एकर. चार वर्षांनी आयर्लंडच्या जमीनदारांची सरकारी मोजदाद झाली तेव्हा एकरांच्या हिशेबात तो देशात पहिला निघाला. त्याच्याबद्दल एवढंच पुरे.

आणि मग, १९२४ च्या उन्हाळ्यात, जामनगरचे जामसाहेब आले.

होय, तेच रणजी. काठियावाडातल्या सडोदरला १८७२ साली जन्मलेले, म्हणजे बेरिजने ही जहागीर घेतली त्याच वर्षी. केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज, पदवी न घेता बाहेर; ह्युमॅनिटी डिकचंच कॉलेज आणि त्याचाच निकाल. १८९६ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत ६२ आणि नाबाद १५४. पायावरचा चेंडू नुसत्या मनगटाने मागे वळवायचा तो लेग ग्लान्स. १५ कसोट्यांत ९८९ धावा. १९०७ मध्ये नवानगरची गादी, १९१५ मध्ये यॉर्कशरला शिकारीत एका छऱ्याने उजवा डोळा गेला. राष्ट्रसंघात भारताचे प्रतिनिधी. बॅलिनाहिंचला आले ते पन्नाशी ओलांडलेले, अंगाने सुटलेले, दम्याने बेजार, आणि सामन मासेमारीच्या नादाला लागलेले. आधी वाडा भाड्याने घेतला, मग विकतच घेतला.

आयर्लंड दोनच वर्षांपूर्वी स्वतंत्र झालं होतं. त्याआधीच्या लढ्यात आणि यादवीत जमीनदारांचे वाडे शेकड्यांनी जाळले गेले होते. १९२१ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पोलिसांनी क्लिफ्डन गावातली घरं पेटवून दिली होती. अशा ठिकाणी ब्रिटिश साम्राज्याचा एक मांडलिक राजा येतो, आणि लोक त्याला डोक्यावर घेतात. मोटारी खरेदी करायचा गॉलवेला, उन्हाळाभर वापरायचा, आणि ऑक्टोबरात जाताना वाटून टाकायचा. एक कॅथलिक पाद्र्याला, एक प्रॉटेस्टंट पाद्र्याला. वाढदिवसाला नोकरचाकरांना आणि गावकऱ्यांना मेजवानी, आणि स्वतः उभा राहून वाढायचा. नदीकाठी दगडी धक्के आणि मासेमाऱ्यांसाठी खोपी बांधल्या, त्या कामावर गावातली माणसं लावली. हॉटेलात आज एका दालनाला त्यांचं नाव आहे, भिंतीवर त्यांची छायाचित्रं आहेत. आमचे क्रिकेटवेडे पाहुणे तिथे सेल्फी काढतात. मुंबईकर असतील तर मुंबईने रणजी करंडक किती वेळा नेला हे वेटरला ऐकवतात. पुणेकर असतील तर निंबाळकरांचं नाबाद ४४३ निघतं: १९४८, पूना क्लब, समोर नेमका काठियावाडचा संघ, ब्रॅडमनचा विक्रम नऊ धावांवर आणि प्रतिस्पर्धी कप्तान राजकोटचे ठाकोरसाहेब सामना सोडून चालते झाले. वेटर पोलंडचा किंवा ब्राझीलचा असतो, तो नम्रपणे मान हलवतो.

इतक्या प्रेमाचं कारण मला बरेच दिवस त्यांच्या स्वभावात दिसायचं. ते तिथे नुसतं नाही. रणजी येईपर्यंत जमीन गेलेली होती. ‘कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड’ नावाचं एक सरकारी मंडळ १८९१ मध्ये पश्चिम आयर्लंडच्या दरिद्री भागासाठी नेमलं गेलं होतं. त्याने जहागिरी विकत घेऊन, तुकडे नव्याने पाडून, कुळांना दीर्घ मुदतीच्या हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बेरिजांची जमीनही त्या वाटेने गेली. रणजींच्या हाती आला तो वाडा, त्याभोवतीची झाडी, तळी आणि नदीतला मासेमारीचा हक्क. बॅलिनाहिंचचा हा पहिला धनी, ज्याला गावातलं कुणी खंड देत नव्हतं. तो फक्त द्यायचा. अशा मालकावर प्रेम करणं परवडतं.

तो देत होता ते पैसे आले कुठून, हा प्रश्न कॉनेमारात विचारायचं कुणाला कारण नव्हतं. नवानगरच्या महसुलातून आले. न्यायाने बोलायचं तर रणजींनी बेडी बंदर वाढवलं, त्याचं उत्पन्न मोठं होतं. जामनगरचे गल्लीवजा रस्ते रुंद केले. पण ते गादीवर आले ते कर्ज डोक्यावर घेऊन, आणि हात आखडता घेणं त्यांना कधी जमलं नाही. काठियावाड म्हणजे पावसाने दगा देणारा मुलूख, तिथल्या खेडुताने भरलेल्या साऱ्यावर कॉनेमारात मोटारी वाटल्या जात होत्या. मार्टिनांच्या काळी कॉनेमाराचा खंड लंडनला आणि बूलोन्यला जायचा. आता दुसऱ्या कुणाचा सारा कॉनेमारात येत होता. कॉनेमाराने मोटारी घेतल्या, आभार मानले. मीही घेतली असती.

२ एप्रिल १९३३ ला रणजी जामनगरला वारले. वाडा पुतण्याकडे, दिग्विजयसिंहांकडे गेला आणि त्यांनी तो विकला. हे तेच जामसाहेब ज्यांनी १९४२ मध्ये सैबेरियाच्या छावण्यांतून सुटून आलेल्या पोलिश मुलांना बालाचडीला आसरा दिला. १९४६ मध्ये ती छावणी बंद झाल्यावर त्यांतली बरीच मुलं आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आली. त्या वेटरला, तो पोलंडचा असेल तेव्हा, करंडकाऐवजी हे सांगावं असं मी पाहुण्यांना सुचवून पाहिलं आहे. ऐकतात थोडेच.

महायुद्धानंतर काही काळ वाडा आयरिश टुरिस्ट बोर्डाकडे होता, मग एका श्रीमंत अमेरिकनाकडे, मग आणखी कुणाकुणाकडे. नदी मासेमारीसाठी ‘बीट’ नावाच्या टप्प्यांत वाटलेली आहे. एकेका बीटचं दिवसाचं भाडं वेगळं, आणि बरोबर वाट दाखवायला गिली, म्हणजे स्थानिक जाणकार, त्याचं वेगळं. मी गळ टाकत नाही, पण काठाने चालायला पैसे पडत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात एका खोपीत पाऊस ओसरायची वाट बघत असलेल्या एका म्हाताऱ्या गिलीशी गप्पा झाल्या. डबीतून पिसांच्या खोट्या माश्यांचे गळ काढून तो एकेक टोपीला अडकवत होता, करंगळीच्या नखाएवढे. त्याचं गिऱ्हाईक, कुणी जर्मन, मोटारीत झोपलं होतं.

मी रणजींचा विषय काढला. त्याने मोटारींची गोष्ट सांगितली, मेजवानीची सांगितली, सगळी व्यवस्थित, पाहुण्यांना सांगून घासून गुळगुळीत झालेली. मग मी त्याला त्याच्या घरच्या जमिनीबद्दल विचारलं, आणि आवाज बदलला. आजोबांना बोर्डाकडून जमीन मिळाली. दोन तुकड्यांत, मध्ये ओढा, अर्धी लव्हाळ्याने भरलेली. हप्ते आजोबांनी भरले, बापाने भरले. १९३३ मध्ये तेव्हाचा सरकारप्रमुख डी व्हॅलेरा याने हप्ते निम्मे केले ते त्याला कालच झाल्यासारखं पाठ होतं. इंग्लंडशी भांडण काढून ते केलं, आणि त्या भांडणात वासरांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेही.

“तुमच्या महाराजांच्या तिकडे काय झालं जमिनीचं?” त्याने विचारलं.

मी सांगितलं, संस्थान १९४८ मध्ये सौराष्ट्रात विलीन झालं. १९५१ मध्ये कायदा आला आणि जमीनदारांच्या कुळांना मालकी मिळायला लागली.

“फुकट?”

“नाही. किंमत मोजावी लागली.”

“हं,” तो म्हणाला, “सगळीकडे सारखंच.” आणि जर्मनाला उठवायला गेला, कारण पाऊस थांबला होता आणि अर्ध्या दिवसाचे पैसे त्याने आधीच घेतलेले होते.